पेपरवेटमधला १८४८: आकडा सगळ्यात शेवटी वाचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात सांगते, म्हणजे मी काही भलतंच समजले असेन तर कळेल. न्यू जर्सीत एका घरातल्या जुन्या सामानाच्या सेलमधे तुम्ही ८५ डॉलरला एक काचेचा पेपरवेट घेतला. आत रंगीत फुलांसारख्या चकत्यांची एकात एक वर्तुळं, बाहेरच्या ओळीत १८४८ हा आकडा, व्यास साधारण ८ सेंटीमीटर, घुमटावर बारीक ओरखडे आणि एका बाजूला चंद्रकोरीसारखी मार लागल्याची खूण. विकणाऱ्या बाई फ्रेंच आहे म्हणाल्या, घरी येऊन नेटवर पाहिलंत तर बाकारा १८४८ म्हणून असंख्य फोटो दिसले (बाकारा हा फ्रान्समधला काचेचा जुना, नावाजलेला कारखाना). आता तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: हा खरा का खोटा, आणि पॉलिश करून तो मार काढून घ्यावा का. जाता जाता लेकीचंही एक विचारलंय, त्याचं उत्तर शेवटी देते.

मी मूळची मिरजेची, गेली २२ वर्षं इंग्लंडमधे लिलावघरांसाठी जुन्या काचेचं कॅटलॉगिंग करते. म्हणजे लोक माळ्यावरून, कपाटातून, आजीच्या ट्रंकेतून जे काढून आणतात ते हातात घेऊन हे काय, कुठलं, कधीचं आणि किती दुखावलेलं हे चार ओळीत लिहायचं. पेपरवेट हा त्यातला माझा लाडका भाग. पहिल्यांदा घरी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, अगं आमच्या कचेरीत प्रत्येक टेबलावर एकेक पडलेला असायचा, त्यासाठी एवढ्या लांब जायची काय गरज. त्यांचंही खरंच आहे, आपल्याकडे पेपरवेट म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला फिरोजाबादी गोळा, आत चार बुडबुडे आणि एखादं लालपिवळं फूल, आणि साहेब फोनवर बोलता बोलता तो गरागरा फिरवणार. तुमच्या हातातला त्याचाच लांबचा पाहुणा आहे, फक्त कुठल्या गावचा ते शोधायचंय.

खरा का खोटा असं विचारलं की कुणीतरी मुद्दाम फसवायला बनवला असं डोळ्यासमोर येतं. माझ्याकडे येणाऱ्या पेपरवेटमधे तसले फारच थोडे. बहुतेक बिचारे प्रामाणिक असतात, त्यांना मधल्या कुणीतरी भलतंच आडनाव चिकटवलेलं असतं. तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा की हा कुठल्या कारखान्यात आणि साधारण केव्हा झाला, आणि ते कळेपर्यंत पॉलिशवाल्याच्या दारात जायचं नाही. वरून काढलेल्या एका फोटोवर छातीठोक काही सांगता येत नाही, बरंच काही बुडावर आणि बाजूच्या आकारावर अवलंबून आहे, पण माझा कल सांगून टाकते. तुमचा बाकारा नसावा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, विसाव्या शतकातला असावा.

असं एकदम म्हणायला मी धजावते कारण याच आकड्याने मला चांगला चुना लावलाय. नोकरीचं दुसरं वर्ष, एका रविवारच्या अँटिक फेअरमधे एका टेबलावर पितळी घंटा आणि चहाच्या चमच्यांच्या मधे असाच एक पेपरवेट दिसला, निळी, पांढरी, गुलाबी वर्तुळं आणि कडेला १८४८. माझ्या छातीत धडधडायला लागलं. विकणाऱ्याला काही कळू नये म्हणून मी आधी दोन चमचे उचलून बघितले, मग सहज विचारल्यासारखं करून किंमत विचारली, त्याने जवळजवळ माझ्या अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढा आकडा सांगितला आणि मी घासाघीस न करता दिले. सोमवारी तो ऑफिसात आमच्या खात्याच्या बाईंच्या पुढे ठेवला. त्यांनी तो उचलला, आडवा धरून बाजूने पाहिला, पालथा करून बूड पाहिलं, आणि आकड्याकडे न बघताच म्हणाल्या, छान आहे, बर्मिंगहॅम. आणि परत चहा प्यायला लागल्या. मला आधी वाटलं चेष्टा करतायत.

आता हा १८४८ एवढा भाव का खातो ते सांगते, थोडा इतिहास झेला. १८४५ साली व्हिएन्नात ऑस्ट्रियाच्या औद्योगिक मालाचं प्रदर्शन भरलं, त्यात व्हेनिसच्या प्येत्रो बिगाल्याने रंगीत कांड्यांचे तुकडे आत भरलेले काचेचे गोळे मांडले. पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सने युजीन पेलिगो नावाच्या प्राध्यापकाला ते प्रदर्शन पाहून रिपोर्ट लिहायला पाठवलं होतं, त्याने या गोळ्यांची दखल घेतली. फ्रान्समधे हे काम इतक्या झपाट्याने सुरू झालं की सँ लुईच्या कारखान्याचे खुद्द १८४५ चा आकडा असलेले पेपरवेट सापडतात. बाकाराचे आकडे बहुतेक १८४६ ते १८४९, त्यात १८४८ सगळ्यात जास्त भेटतो. तिसरा मोठा कारखाना क्लिशीचा, पॅरिसच्या वेशीवरचा, त्यांनी साल घालायची पद्धतच ठेवली नाही. बाकारा आणि सँ लुई दोन्ही लोरेन प्रांतातले, एक १७६४ चा आणि दुसऱ्याला राजाकडून शाही कारखान्याचा किताब मिळाला १७६७ मधे, म्हणजे पेपरवेट सुचले तेव्हा दोघंही पाऊणशे वर्षांच्या वर जुने होते आणि उत्तम क्रिस्टल गाळत होते. हे गोळे विकले जायचे स्टेशनरीच्या दुकानात, कागद, दौत, लाखेच्या कांड्या यांच्या शेजारी. पत्रं लिहायची हौस तेव्हा जोरात होती, फ्रान्सचं पहिलं टपाल तिकीट पण १८४९ चं. सगळा बहर मोजून पंधराएक वर्षांचा, १८६० च्या आसपास ओसरला. क्लिशीने १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात भाव खाल्ला, बाकीच्या दोघांनी तिथे मालच मांडला नव्हता, आणि तोच क्लिशी १८८५ मधे स्वतंत्र कारखाना म्हणून संपला. बघा म्हणजे.

पण हे सगळं माहीत असलेला माणूसच आकड्याला भुलतो, कारण आकडा त्याच्या माहितीत चपखल बसतो. म्हणून मी आकडा सगळ्यात शेवटी वाचते. आधी काच.

आत दिसणाऱ्या फुलांना मिलेफिओरी म्हणतात, म्हणजे इटालियनमधे हजार फुलं. हे कसं होतं ते कळलं की बाकी सगळं सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते. अळूवडीचा उंडा डोळ्यासमोर आणा. तो कुठेही कापा, प्रत्येक चकतीत तीच नक्षी. आता समजा तो उंडा मऊ आहे आणि दोन्ही टोकांना धरून ओढून पेन्सिलीएवढा बारीक केला, तरी आतली नक्षी तीच राहणार, फक्त लहान होणार. काचेची कांडी अशीच. कारागीर लोखंडी सळईच्या टोकावर तापलेल्या काचेचा गोळा घेतो, आतून चांदणीच्या किंवा फुलाच्या आकाराच्या लोखंडी साच्यात दाबतो, वर दुसऱ्या रंगाचा थर चढवतो, परत वेगळा साचा, परत थर. मनगटाएवढा जाड दांडा तयार झाला की दुसरा कारागीर त्याच्या मोकळ्या टोकाला आपली सळई चिकटवतो आणि दोघं एकमेकांपासून उलटे चालत जातात. काच ताणली जाते, कित्येक मीटर लांब आणि बारीक. ती थंड झाल्यावर तुकडे करायचे. अशा वेगवेगळ्या कांड्यांची जुडी बांधून, तापवून परत ओढली की एका फुलात सात फुलं. मग हे तुकडे लोखंडी तबकडीत उभे लावायचे, हे काम चिमट्याने आणि फार शांत डोक्याने करायचं, तापवायचे, वरून वितळलेल्या पारदर्शक काचेने उचलायचे, आणखी काच घेऊन घुमट करायचा, ओल्या लाकडी वाटीसारख्या ठोकळ्यात फिरवून गोल करायचा आणि शेवटी कित्येक तास हळूहळू थंड करायचा, नाहीतर तडकतो. आकडेही असेच बनतात, प्रत्येक अंकाची वेगळी बारीक कांडी.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे साचे कारखान्याचे असतात, त्यामुळे कांड्यांचे आकार हे जवळजवळ सहीसारखे. दुसरी म्हणजे आकड्याची कांडी करायला काही जादू लागत नाही, ज्याला चांदणी करता येते त्याला १८४८ पण करता येतं, पाहिजे त्या वर्षी.

तर मी कशी बघते. पेपरवेट टेबलावर ठेवून डोळे टेबलाच्या पातळीला आणायचे आणि बाजूने आकार बघायचा. सँ लुईचे घुमट बहुधा उंच असतात. क्लिशीचे छान गोलसर, बुडाशी जरा आत आलेले. बाकाराचे त्या मानाने पसरट. बहुधा हा शब्द मुद्दाम वापरतेय, कारण दीडशे वर्षांत कुणी घासून घुमट उतरवला असेल तर आकारावरून काही सांगायची सोय राहत नाही. मग आतल्या रचनेची उंची: कांड्या तळाशी चिकटून आहेत की वर उचललेल्या, आणि त्यांच्या खाली काय आहे. बाकाराचे साल घातलेले पेपरवेट म्हटले की माझ्या डोळ्यासमोर मुख्यतः दोन प्रकार येतात. एकात फुलं खचाखच भरलेली, मधे बोट ठेवायला जागा नाही. दुसऱ्यात फुलं सुटी सुटी, आणि खाली पांढऱ्या जाळीदार काचेच्या तुकड्यांचा थर, मलमलीचा रुमाल चुरगळून ठेवल्यासारखा. आकडा त्या गर्दीत कुठेतरी कडेकडेला लपलेला असतो, अंक लाल, निळे, हिरवे असे वेगवेगळ्या रंगात पांढऱ्यावर, आणि वर बहुतेक वेळा रोमन लिपीतलं बी अक्षर. बी नसलेलेही काही आहेत, त्यामुळे बी नाही म्हणून लगेच बाद करू नका. तुमच्यात मात्र एकाला एक चिकटलेली नीट वर्तुळं आहेत आणि आकडा शिस्तीत बाहेरच्या ओळीत बसलाय. बाकाराच्या सालवाल्या मालाची ही नेहमीची चाल नाही. सँ लुईमधे एकात एक वर्तुळं आणि साल असं मिळतं, पण मग सालाबरोबर एसएल ही सँ लुईची आद्याक्षरं शोधायची. क्लिशीचा प्रश्नच नाही, साल नाही. त्यांची खूण वेगळी: एक गुलाब, बाहेर हिरव्या पाकळ्या आणि आत गुलाबी, कापलेल्या कोबीसारखा थरावर थर. तो एकदा पाहिलात की विसरणार नाही. दुसऱ्यांनीही कधीमधी गुलाब केलेत, तेव्हा नुसत्या गुलाबावर क्लिशी म्हणू नये, पण पहिला अंदाज म्हणून चालतो.

कांड्या बघायला जवाहिऱ्याचं दहापट भिंग घ्या, स्वस्तात मिळतं. चांगल्या फ्रेंच कामात प्रत्येक कांडी सरळ उभी असते, कडा सुईने कोरल्यासारख्या. बाकारामधे बाणाचं टोक, चांदणी, तीन पानं असे आकार, आणि कधी कधी प्राण्यांच्या काळ्या सावल्या.

मग बुड. इथे लोक चुकतात. दीडशे वर्षं टेबलावर सरकलेल्या बुडाच्या कडेला एक घासल्याची कडी तयार होते, आणि तिच्यातले ओरखडे सगळ्या दिशांना, काही लांब काही आखूड, भिंगातून बर्फावर मुलांनी खेळून गेल्यासारखे. ओरखडे एकाच दिशेने आणि एकाच लांबीचे दिसले तर समजायचं सँडपेपर. आणि बूड आत पोकळ असेल तर त्या पोकळ भागात घासल्याच्या खुणा असूच शकत नाहीत, तो भाग टेबलाला लागतच नाही. हे इतकं साधं असूनही मी पोकळ भागात घासलेले दोन नग तरी पाहिलेत.

या सगळ्यानंतर आकडा. इंग्लंडमधे १८४८ लिहिलेले, एकात एक वर्तुळांचे पेपरवेट आणि तसल्याच बुडाच्या दौती भरपूर फिरतात. पूर्वी त्या सरसकट लंडनच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याच्या नावावर खपायच्या आणि सालही खरं धरलं जायचं. नंतर अभ्यासकांनी कांड्या एकमेकांशी ताडून पाहिल्या तेव्हा त्यांची मुळं बर्मिंगहॅममधे आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत निघाली, आर्कुलस आणि वॉल्श-वॉल्श या तिथल्या कारखान्यांची नावं त्यात घेतली जातात. जुनं वाटावं म्हणून साल घातलं असणार असं माझं मत. तुमचं वर्णन या कुळाशी इतकं जुळतं की मी तिकडेच बोट दाखवलं. अमेरिकेत हे भरपूर गेलेत.

दुसऱ्या शक्यता पण सांगते, कारण फोटोत रंग फसवतात. १९३० च्या सुमारास चीनमधे फ्रेंच नमुन्यांवरून नकला झाल्या, त्यांची काच हलकी, जरा पिवळसर आणि हाताला साबण लावल्यासारखी बुळबुळीत. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर पर्यटकांसाठी केलेले तर पोत्याने आहेत, कांड्या ढोबळ आणि बुडाला चिकटवलेली चिठ्ठी केव्हाच पडून गेलेली. आणि शेवटी नवे अस्सल फ्रेंच. यांच्यामागे एक छान घटना आहे. दुसऱ्या महायुद्धात बाकारा गावचं चर्च पडलं, १९५१ मधे काम करताना त्याच्या पायाभरणीच्या दगडात पुरून ठेवलेला एक मिलेफिओरी पेपरवेट निघाला, आत साल १८५३, करणारा मार्टिन कायझर. तोपर्यंत कारखान्यात ही विद्या जवळजवळ विस्मरणात गेलेली, आणि त्या सुमारास बाकाराने ती परत हातात घेतली. या नव्या मालावर बुडाला ॲसिडने उमटवलेला छाप असतो, जुन्यावर नसतो. तेव्हा तुमच्या बुडावर बाकाराचा गोल छाप दिसला तर माझी बर्मिंगहॅमची गोष्ट रद्द, पण मग १८४८ सुद्धा रद्द.

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी सांगते, किचनमधला डिजिटल काटा लागेल. आधी पेपरवेटचं वजन घ्या, समजा ६४० ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य करा, पेपरवेट कांद्याच्या जाळीत घालून दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, दोरी हातात. काटा जो आकडा दाखवेल, समजा २०४, त्याने ६४० ला भागा. ३.१ च्या वर आलं म्हणजे शिसं घातलेली क्रिस्टल काच. साधी बाटलीची काच २.५ च्या आसपास येते, तेवढाच गोळा मग ५१० ग्रॅमच भरेल. तीन जुन्या फ्रेंच कारखान्यांत क्लिशीची काच सगळ्यात हलकी. पण हुरळून जाऊ नका, बर्मिंगहॅमवाल्यांचीही काच शिशाचीच. म्हणजे या चाचणीने चिनी आणि बराचसा मुरानो बाजूला होतो, तुमचा मुख्य प्रश्न सुटत नाही. पाणी मात्र खोलीच्या तापमानाचं घ्या, कारण खाली सांगते.

आता पॉलिश. घुमट हे नुसतं झाकण नाही, ते भिंग आहे. आतली फुलं प्रत्यक्षात दिसतात त्यापेक्षा लहान असतात, घुमटाची गोलाई त्यांना मोठी करते. चंद्रकोरीचा मार काढायचा म्हणजे तेवढ्याच जागेवर घासून भागत नाही, तिथे खड्डा पडेल आणि खालचं फूल वाकडं दिसेल, म्हणून सगळा घुमट त्या खोलीपर्यंत उतरवावा लागतो. तुमचा मार दोन मिलिमीटर आत गेलेला असेल तर चौफेर दोन मिलिमीटर काच गेली. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाने बाकाराचं पॅन्सीचं फूल असलेला पेपरवेट आणला होता, तो आधी दुसरीकडे पॉलिश करून घेतलेला. वरून आरशासारखा चकाचक. पण घुमट चपटा झालेला, फूल आक्रसलेलं, आणि एका बाजूने जास्त घासल्यामुळे ते मधे न दिसता कडेला सरकल्यासारखं दिसत होतं. ती काच काही परत चढवता येत नाही. त्या गृहस्थांना हे सांगताना मलाच कसंतरी झालं, कारण त्यांनी पॉलिशला मोजलेले पैसे आणि त्यामुळे उतरलेली किंमत दोन्ही त्यांच्याच खिशातून गेली.

सगळंच पॉलिश वाईट असं मी म्हणत नाही. वरवरच्या बारीक ओरखड्यांमुळे आतलं धुक्यात गेल्यासारखं दिसत असेल, घुमट जाड असेल आणि हात अनुभवी असेल तर जुने पेपरवेटही उजळून निघतात, बाजारात असे पुष्कळ आहेत आणि लोक घेतात. आमच्या कॅटलॉगमधे फक्त तसं लिहावं लागतं. ठरवायच्या आधी एक करून बघा: ओरखड्यावर बेबी ऑइलचा एक थेंब बोटाने पसरवा. तेल ओरखडे भरून काढतं आणि पॉलिश केल्यावर साधारण कसं दिसेल ते तुम्हाला फुकटात दिसतं. नव्वद टक्के लोकांना तिथेच कळतं की अरे, फारसा फरक नाही. (ही टक्केवारी माझ्या मनातली, मोजलेली नाही.) चंद्रकोर तेलाने जाणार नाही, ती आतली चीर आहे. ती असू द्या. तुमचा जर बर्मिंगहॅमचा निघाला तर पॉलिशचा खर्च वस्तूच्या मानाने जड होईल, आणि माझं चुकून तो जुना फ्रेंच निघाला तर त्याला हात लावायचा निर्णय इतक्या घाईने घ्यायचा नसतो.

किंमतीबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीये पण मनात आहे हे कळतंय. १९९० मधे न्यूयॉर्कला क्लिशीचा फुलांची परडी असलेला एक पेपरवेट २,५८,५०० डॉलरला गेला, तेव्हापासून प्रत्येकाला आपल्या कपाटातला तोच वाटतो. तुमचा त्या जातीचा नाही. पण बर्मिंगहॅमची चांगली वर्तुळं, रंग जिवंत असलेली, ८५ डॉलरला मिळाली तर मी स्वतः घेतली असती. खरं म्हणजे माझ्या अर्ध्या पगाराचा तो अजून माझ्याच टेबलावर आहे, विकावासा कधी वाटला नाही.

आता पाण्याचं. जुन्या काचेला अचानक गरम गार चालत नाही. एका जानेवारीत मी एक छोटा क्लिशी, रंगीत पट्ट्या भोवऱ्यासारख्या फिरलेला, रात्रभर गाडीच्या डिकीत विसरले. सकाळी घरात आणून तसाच कोमट पाण्याच्या नळाखाली धरला. टक् असा बारीक आवाज आला, दात वाजल्यासारखा, आणि बुडापासून मधल्या कांडीपर्यंत एक चंदेरी पापुद्रा उघडला. तेव्हापासून मी पेपरवेट आधी तासभर खोलीत ठेवते, मग साध्या पाण्यात एक थेंब भांडी घासायचं लिक्विड, मऊ फडकं, बस. डिशवॉशर तर स्वप्नातही नको. आणि खिडकीत ठेवू नका. लहानपणी भिंगाने कागद जाळायचा खेळ केला असेल ना, हे तेच भिंग आहे, फक्त पाऊण किलोचं. पडदा, टेबलक्लॉथ, वर्तमानपत्र, काहीही धुमसू शकतं.

तर आत्ता एवढं करा. पॉलिश नाही. बाजूने टेबलाच्या पातळीवरून एक फोटो, बुडाचा एक, आकड्याचा भिंगातून एक, आणि कुठे बी किंवा एसएल दडलंय का ते पूर्ण वर्तुळ फिरून शोधा, अक्षरं कधी उलटीही बसलेली असतात. पातेल्याची चाचणी केलीत तर भागाकार कळवा. अंक एकरंगी आहेत की वेगवेगळ्या रंगांचे तेही सांगा. त्यावरून मी बर्मिंगहॅमवर ठाम राहीन किंवा शब्द मागे घेईन.

आणि लेक शाळेत दाखवायला नेऊ का विचारतेय म्हणालात. न्यायला द्या की. जाड लोकरीच्या मोज्यात घाला, तो मोजा डब्यात, आणि वर्गात हातात न फिरवता टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवायला सांगा, खिडकीपासून लांब. तिला एक गोष्टही सांगून पाठवा. बाकाराच्या पेपरवेटमधे त्या काळ्या सावल्या असतात ना, कोंबडा, हत्ती, माकड, हरीण, त्यांच्याबद्दल असं सांगतात की १८४६ मधे कारखान्याचे मॅनेजर तुसाँ यांच्या नात्यातला एमिल ग्रिदेल नावाचा लहान मुलगा कागदातून प्राणी कापत बसला होता, ते त्यांच्या नजरेला पडले आणि त्यांनी त्यावरून साचे करून घेतले. तुमच्यात प्राणी असण्याची शक्यता कमी, पण तरी भिंग तिच्याच हातात द्या. मुलांची नजर आपल्यापेक्षा बारीक असते, आणि बी असेल तर कदाचित तिलाच आधी दिसेल.